सर्व्हरची की बदलली म्हणतंय, काय करू?

प्रश्न: नमस्कार, सोलापुरातून लिहितोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दोन-तीन टॉवेल कारखान्यांचे लिनक्स सर्व्हर आम्ही चारपाच जण मिळून बघतो. एका ठिकाणी नवीन मशीन बसवलं, तेव्हापासून एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायची सोय) केलं की स्क्रीनभर वॉर्निंग यायची आन आतच घेत नव्हतं, मग आमच्यातल्या एकाने स्ट्रिक्ट-होस्ट-की-चेकिंग, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी की (होस्ट की) तपासायची सेटिंग, सरळ नो करून टाकलं. चालतंय आता, पण हे बरोबर आहे का ओ? आन प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ओळखीच्या सर्व्हरच्या कींची वेगळी यादी ठेवण्यापेक्षा एकच ठेवता येत नाही का?

उत्तर: बरोबर नाही, आजच परत फिरवा. पलीकडं तुमचाच सर्व्हर आहे की मधे कुणी बसलंय हे कळायचा तेवढा एकच मार्ग होता, तोच बंद केलाय. चालतंय ते सुद्धा तुम्ही पासवर्डऐवजी स्वतःच्या कीने लॉगिन करता म्हणून, सर्व्हरची की जुळत नसेल तर नो ठेवूनही एसएसएच पासवर्ड पाठवू देत नाही, एवढी अक्कल त्याला आहे.

आता रीत. कारखान्यात जो कोणी असेल त्याला मशीनसमोर बसवून एसएसएच-कीजेन उणे एलएफ ने सर्व्हरच्या ईडी२५५१९ (कीचा एक प्रकार) पब्लिक कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे कीची छोटी खूण, काढायला लावा आणि तुमच्या वॉर्निंगमधल्याशी ताडून बघा. अख्खा बघा बरं का, पहिली चार अक्षरं जुळली की झालं असं नको. जुळला तर आपल्या लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन उणे कॅपिटल आर आणि सर्व्हरचं नाव देऊन नोन-होस्ट्स फाइलमधली (ओळखीच्या कींची यादी) जुनी ओळ काढा. आणि पुढच्या वेळी मशीन बदलताना जुन्या सर्व्हरच्या होस्ट की नव्यावर कॉपी करा म्हणजे हा तमाशाच होणार नाही, अर्थात जुना हॅक झाला म्हणून बदलत असाल तर अजिबात नको. नवीन सर्व्हरला दरवेळी यस टाइप करायचा कंटाळा असेल तर नो ऐवजी ॲक्सेप्ट-न्यू आहे, ओपनएसएसएच ७.६ पासून, म्हणजे २०१७ पासून. अनोळखी की गुपचूप घेतं पण बदललेली घेत नाही.

एकच यादी ठेवता येते की. ईटीसी मधल्या एसएसएच फोल्डरात ग्लोबल नोन-होस्ट्स फाइल असते, ती गिटमध्ये (फाइलींचे बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर) ठेवा आणि सगळ्यांच्या लॅपटॉपवर टाका, चारपाच जणांना एवढं भरपूर झालं. त्यापुढं जायचं तर नोन-होस्ट्स-कमांड ही सेटिंग आहे, ओपनएसएसएचच्या २०२१ च्या ८.५ मध्ये आली. तुमची स्वतःची स्क्रिप्ट द्यायची, तिने नेहमीच्याच फॉरमॅटमध्ये ओळी छापायच्या, एसएसएच त्या यादीत धरतं. पण ती एकाच कनेक्शनला दोन-तीनदा चालू शकते आणि एरर देऊन संपली तर कनेक्शनच तुटतं, त्यामुळं नेट गेलं की अडकणारी स्क्रिप्ट लिहू नका. आणि तिच्यात एसएसएच-कीस्कॅन (सर्व्हरकडून की मागून आणणारी कमांड) तर घालूच नका, ते समोरचा जी की देईल ती आणून देतं, खरीखोटी बघत नाही. सर्व्हर वाढले तर होस्ट सर्टिफिकेट काढा, म्हणजे प्रत्येक सर्व्हरच्या कीवर तुमच्या एका मुख्य कीची (सीए) सही, मग यादीत सीएची एकच ओळ पुरते.

प्रश्न: माझ्या नोन-होस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरची नावंच दिसत नाहीत, नुसती गिचमिड आहे. करप्ट झाली का?

उत्तर: नाही ओ, नावं हॅश केलेली आहेत, म्हणजे वाचता न येणाऱ्या अक्षरांत बदललेली, उबुंटूत हे आधीपासूनच चालू असतं. लॅपटॉप कुणाच्या हाती लागला तरी तुम्ही कुठं कुठं जाता हे सहज कळू नये म्हणून. शोधायचं तर एसएसएच-कीजेन उणे कॅपिटल एफ आणि पुढं सर्व्हरचं नाव.