घरी पाठ म्हणतो, पेपरात कोरा

नववीची पहिली चाचणी झाली की ही तक्रार हमखास येते: "मॅडम, घरी सगळं धडाधड म्हणतो, पेपरात एक आठवत नाही." बऱ्याचदा रुसवा असतो तो विज्ञानातल्या मूलकांच्या, म्हणजे विद्युतप्रभार असलेल्या अणूंच्या किंवा अणुगटांच्या, तक्त्यावर. नावं, सूत्रं, प्रभार, सगळ्याचा गोपाळकाला. असाच एक मुलगा आईबरोबर आला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घर द्राक्षबागायतदारांचं. आईने स्मरणशक्तीचं टॉनिक सुरू केलेलं आणि मुलाने आपण ढ आहोत हे मनाशी पक्कं केलेलं. मला ते पटेना. वाचन सफाईदार, बाकीच्या विषयांत मार्क ठीक, बागेतली कुठली फवारणी कधी झाली ते तोंडपाठ. स्मरणशक्तीला काय झालंय?

कोरा कागद देऊन सोडियम सल्फेटचं सूत्र लिहायला सांगितलं. त्याने सोडियमचे ४ अणू घेतले. का रे? "सल्फेटला ४ आहेत ना, मॅडम."

चूक तिथे होती. सल्फेटच्या (SO₄) खाली लिहिलेला ४ हा ऑक्सिजनच्या अणूंचा आकडा. प्रभार वर असतो, उणे २, म्हणून सोडियम दोनच लागतात. तिरकस गुणाकार, म्हणजे एकाच्या प्रभाराचा आकडा दुसऱ्याच्या खाली लिहिणं, त्याला येत होता, पण तो करताना खालचाच आकडा उचलत होता. नायट्रेटला ३, फॉस्फेटला ४, असंच सगळीकडे. प्रत्यक्षात नायट्रेटचा प्रभार उणे १, फॉस्फेटचा उणे ३. वर्गात नुसता तक्ता म्हणून घेतात, त्यात ही गफलत कुणाला ऐकू येणार?

मग आम्ही त्याच्या बागेत बुरशीवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणाकडे वळलो. त्यातलं मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तांबं अधिक २, सल्फेट उणे २, एकास एक भागलं. चुना विरवला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं. कॅल्शियम अधिक २, पण हायड्रॉक्साइड उणे १, मग ते दोन हवेत: Ca(OH)₂. "म्हणून कंस करतात होय!" इतका वेळ खाली घातलेली मान तेव्हा वर आली.

तक्त्याचं ओझंही हलकं करता येतं. सल्फेट-सल्फाइट, नायट्रेट-नायट्राइट या जोड्यांत 'एट'वाल्यात ऑक्सिजनचा एक अणू जास्त, प्रभार मात्र दोघांचा सारखाच. त्याच्या तक्त्यातल्या संयुक्त, म्हणजे अनेक अणू मिळून झालेल्या, मूलकांपैकी धनप्रभारित एकटं अमोनियम. उरतात फेरस-फेरिकसारखी (लोखंड, अधिक २ आणि अधिक ३) थोडी, ती मात्र घोकावीच लागतात.

आईला मी एवढंच सांगितलं, की तक्ता समोर ठेवून म्हणून घेऊ नका. डोळ्यांसमोर असलेलं सगळं येतंय असंच वाटतं. वहीचं पान उभं दुमडायचं, डावीकडे नावं, उजवीकडे प्रभारासकट सूत्र आठवून लिहायचं, मग उघडून तपासायचं. चुकलेली दुसऱ्या दिवशी पुन्हा, आलेली तीन-चार दिवसांनी. रोज दहा मिनिटं पुरे. तो अडखळला तर लगेच सांगू नका, आठवायला वेळ द्या.

सगळ्याच विषयांत विसरणं, वाचताना अक्षरं अडणं, झोप उडणं असं काही असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नीट तपासणी करून घ्यावी. या मुलाला तिची गरज नव्हती. सहामाहीपर्यंत सल्फेट-फॉस्फेट पक्के झाले. तांब्याच्या क्युप्रस-क्युप्रिकमध्ये (अधिक १ आणि अधिक २) अजून गडबडतो, पण आता कुठे अडतंय ते त्याचं तोच सांगतो.