नोकरी सोडली नाही म्हणून देव रागावलाय का?

पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, याचा अर्थ नोकरी सोडून पूर्णवेळ मंडळीच्या (चर्चच्या) सेवेत जाणं, अशी समजूत घेऊन कितीतरी ख्रिस्ती तरुण माझ्याकडे येतात. त्यांतल्या एका नर्सबद्दल सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

कॉलेजात असताना शिबिराच्या शेवटच्या रात्री ती समर्पणासाठी उभी राहिली होती. पुढे नोकरी लागली, वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, भावाची फी आली. वडिलांचा त्रास वाढला की तिला वाटे, ही माझीच शिक्षा. "ताई, मी योना झालेय. निनवेला जायचं सोडून तार्शीशचं जहाज धरलंय." योना हा बायबलमधला संदेष्टा, देवाची आज्ञा टाळून भलतीकडे पळालेला. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत उपासनेत दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, घेणंही तिनं बंद केलं होतं.

त्या रात्री वक्ते नेमकं काय म्हणाले तेवढंच लिही, असं म्हणून मी तिच्यापुढे कागद ठेवला. बऱ्याच वेळानं एकच ओळ उतरली: 'ज्यांना आपलं जीवन प्रभूला द्यायचंय, त्यांनी उभं राहा.' नोकरी सोड, बायबल कॉलेजला जा, हे त्यात नव्हतंच. ते मागाहून चिकटलं होतं. थोडं मावशीच्या बोलण्यातून, थोडं इतरांच्या साक्षींमधून. योनाला देवानं शहराचं नाव घेऊन सांगितलं होतं. तुला कोणतं सांगितलं, असं विचारल्यावर ती रडली.

आजाराबद्दल मी ठामच बोलले. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी 'पाप कुणाचं?' असं विचारलं, तेव्हा येशूनं त्याच्यावरही दोष ठेवला नाही आणि आईबापांवरही नाही (योहान ९). मग तिच्या वडिलांच्या किडनीचा हिशेब तिच्या नावावर कोण मांडतंय?

मग बायबलमधला लूकच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढला. भुतं निघालेला माणूस 'मला तुमच्याबरोबर येऊ द्या' म्हणून विनवतो आणि येशू त्याला घरी पाठवतो, देवानं काय केलं ते तिथं सांगायला. तिनं हा उतारा लहानपणापासून ऐकलेला. 'घरी जा' हीसुद्धा प्रभूचीच आज्ञा आहे, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

ड्यूटीवर काय करतेस, असं विचारलं. रात्रपाळीला अर्धांगवायू झालेल्या एका आजींना ती दर दोन तासांनी कुशीवर वळवते, पाठ पुसून कोरडी करते आणि त्यांनी म्हटलं तर हात धरून प्रार्थना करते. याला ती 'नोकरी' म्हणत होती! मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी मिशनचं रुग्णालय सुरू केलं. रुग्णांची शुश्रूषा हीच तिथं प्रभूची सेवा होती.

ख्रिस्ताचा होण्याचं पाचारण प्रत्येक विश्वासणाऱ्याला आहे. विशिष्ट कामाचं पाचारणही असतं, पण ते पारखायला मंडळी लागते. अंत्युखियाच्या मंडळीत बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) यांना देवाच्या कामासाठी वेगळं करण्याची आज्ञा झाली, ती उपास आणि उपासना चालू असताना, सगळ्यांच्या सोबतीत (प्रेषितांची कृत्ये १३).

"आणि पुढे खरंच बोलावलं तर?" तिनं विचारलं.

"तर मंडळीच्या पाळकांना सांग. एकटीनं घाबरत ठरवू नकोस."

ती आता प्रभुभोजन घेते. बायबल कॉलेजचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पाळक आणि मंडळीची जबाबदारी सांभाळणारे दोन ज्येष्ठ तिच्याबरोबर त्यासाठी प्रार्थना करताहेत.