वेग घेताना गाडी टक-टक करते, हेड उघडू द्यावं का?

प्रश्न : आमची पेट्रोल गाडी आठ वर्षांची आहे, नव्वद हजार किलोमीटर चालली आहे. महिनाभरापासून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की पुढून टक-टक-टक आवाज येतो. वळताना जास्त येतो. ॲक्सिलरेटर सोडला की थांबतो. मेकॅनिक म्हणतात टॅपेट वाजतायत, हेड उघडावं लागेल. उघडू द्यावं का?
— एक वाचक

उत्तर : नको, इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, एवढ्यात तरी उघडू देऊ नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तीन शब्दांचं आहे : ‘वळताना जास्त येतो.’ स्टेअरिंग कुठे वळलंय याच्याशी इंजिनातल्या झडपा उघडणाऱ्या टॅपेटचा काही संबंध नसतो. माझा संशय चाकाकडच्या सीव्ही जॉइंटवर, म्हणजे इंजिनाची ताकद वळत्या चाकापर्यंत नेणाऱ्या सांध्यावर आहे. पण माझ्या संशयावर खर्च करू नका, आधी पारखून घ्या.

गाडी उभी करा, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. बॉनेट उघडून एकाला हळूहळू रेस द्यायला सांगा. तोच आवाज उभ्या गाडीत आला आणि रेसबरोबर वाढला, तर इंजिनाकडे वळायचं. तिथेही टॅपेटच असतील असं नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पट्टी, फुंकत असली तरी अगदी तसाच टिक-टिक आवाज येतो. तो सकाळी थंड इंजिनावर मोठा असतो आणि गरम झाल्यावर बऱ्याचदा कमी होतो, कारण धातू फुगून फट बुजते.

उभ्या गाडीत आवाज आला नाही, तर मोकळ्या मैदानात जा. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि थोडी रेस ठेवून माणूस चालेल तितक्या वेगाने गोल फिरा. मग दुसऱ्या बाजूला. काच खाली, रेडिओ बंद. डावीकडे वळताना आवाज वाढला तर बहुधा उजवा जॉइंट गेलेला असतो, कारण वळणाच्या बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो. तरी बघायचे दोन्ही.

हा जॉइंट म्हणजे एक पोलादी वाटी. तिच्यात बहुतेक गाड्यांत सहा गोळ्या असतात, प्रत्येक आपापल्या खाचेत. गाडी सरळ चालते तेव्हा गोळ्या खाचेत जवळजवळ जागच्या जागी असतात. चाक वळलं की प्रत्येक फेऱ्याला त्या खाचेत पुढे-मागे सरकतात. खाचेत झिजून खड्डा पडला असेल तर गोळी त्यात आपटते, तीच तुमची टक-टक. रेस सोडली की जोर उतरतो आणि आवाज थांबतो.

आता डोळ्यांनी बघा. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की चाकामागे घड्यांचं काळं रबर दिसतं. त्याला बूट म्हणतात. इंजिन बंद करून, टॉर्च घेऊन प्रत्येक घडी बोटाने उघडून पाहा, चीर घडीच्या तळाशी लपते. रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोल पट्ट्यात उडालेले असतील, तर बूट फाटलाय. ग्रीस बाहेर गेलं, धूळ-पाणी आत गेलं, आणि जॉइंट झिजला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका, आधी घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) लावा.

आणि या सगळ्याच्या आधी पान्याने चाकांचे नट तपासा. एकदा माझ्याकडे अशीच तक्रार घेऊन गाडी आली. मी घाईने अख्खा शाफ्ट, म्हणजे जॉइंटसकट चाक फिरवणारा दांडा, बदलून दिला. आवाज तसाच. त्या चाकाचे तीन नट सैल होते. एक कुटुंब त्या गाडीतून रोज प्रवास करत होतं. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. तेव्हापासून टक-टक म्हटलं की माझा हात आधी चाकाच्या पान्याकडे जातो.

दुरुस्तीचं सरळ सांगतो. बूट फाटलाय पण आवाज नाही, तर जॉइंट धुऊन, तपासून नवा बूट आणि नवं ग्रीस पुरतं. आवाज सुरू झाला असेल तर ग्रीस भरून उपयोग नाही. खड्डा भरून येत नाही. जॉइंट किंवा पूर्ण शाफ्ट बदलावा लागतो. ग्रीस त्या जॉइंटसाठीचंच हवं, बेअरिंगला लावायचं साधं नको. हबचा, म्हणजे चाकाच्या मध्यभागाचा, मोठा नट नवा घ्या आणि टॉर्क रेंचने (किती जोराने आवळतोय ते मोजणाऱ्या पान्याने) कंपनीच्या आकड्यावर आवळायला सांगा. अंदाजाने आवळलेल्या नटाने व्हील बेअरिंग जातं. चाकाचे नट समोरासमोर आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाहायचे.

प्रश्न : चढावर चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हाही जॉइंटच का?
— आणखी एक वाचक

उत्तर : नाही, हे नॉकिंग. स्पार्कच्या ज्योतीने जळायचं मिश्रण तिच्या आधीच आपोआप पेटतं आणि पिस्टनवर धक्का बसतो. लगेच खालचा गिअर टाका, इंजिनाला फरफटवू नका. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ऑक्टेनचंच (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता) पेट्रोल भरा. तरीही आवाज राहिला तर कूलंटची पातळी, स्पार्क प्लगचा नंबर आणि आत साचलेला कार्बन, या क्रमाने तपासून घ्या. हे काम पुढे ढकलू नका, नॉकिंग चालू ठेवलं तर पिस्टन फुटतो.