भीष्मामागचा कूलर पुसायचा की ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की जुन्या मालिका रीमास्टर करताना, म्हणजे साफसूफ करून नव्यानं काढताना, माइकची सावली, हातातलं घड्याळ, मागे चुकून आलेला माणूस असल्या बारीक चुका पुसाव्यात का. मी कुडाळला बावीस वर्षं लोकांच्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल करून देतोय, लग्नं, जत्रा, दशावतार, काय वाट्टेल ते, तर माझं मत सांगतो.

आधी कॅसेटची चूक नि शूटिंगची चूक वेगळी करा. आमच्याकडे चार महिने पाऊस, कॅसेट कपाटात पडून राहिली की टेपवर पांढरी बुरशी धरते, मग पडद्यावर रेघा येतात, रंग उडतो, खालचं चित्र फाटल्यागत हलतं. ते सगळं बिनधास्त साफ करा, ते कुणी शूट केलेलं नव्हतंच. शूटिंगमधली चूक मात्र राहू द्या, कारण पुसणाऱ्याला ती खरंच चूक आहे की नाही हेच कळत नसतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये महाभारत परत लागलं तेव्हा भीष्मामागे कूलर दिसतोय म्हणून फोटो फिरला होता, आठवतोय? आमच्या ग्रुपवर पण चौघांनी टाकलेला. नीट बघितलं तर तो सेटवरच्या खांबाचा भाग! तेव्हा कुणा उत्साही पोराच्या हातात सॉफ्टवेअर असतं तर हस्तिनापूरचा एक खांब गेलाच होता.

आता गंमत अशी की काही चुका रीमास्टरच तयार करतो. जुने डबा टीव्ही चित्राच्या कडा थोड्या खाऊन टाकायचे, शूटिंगवाल्यांना ते ठाऊक असायचं, त्यामुळे अगदी कडेला माइक डोकावला तरी घरी कुणाला दिसत नसे, आणि आज टेपवरचं अख्खं चित्र दाखवलं की तो माइक हजर. 'बफी द व्हँपायर स्लेयर' ही अमेरिकन मालिका रुंद पडद्यासाठी काढली तर बाजूला उभी युनिटची माणसंच दिसायला लागली. हे झाकायलाच हवं, तेव्हाच्या प्रेक्षकानं ते बघितलंच नव्हतं. पण झाकायचं म्हणजे वरखाली कापून 16:9, म्हणजे आजच्या रुंद टीव्हीच्या आकाराचं करायचं नव्हे हो, जुन्या टीव्हीचं 4:3 चं चित्र तसं कापलं की पाव भाग जातो. 2021 ला नेटफ्लिक्सवर 'साइनफेल्ड' ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका आली, त्यात खड्ड्यावर एक एपिसोड आहे नि कापाकापीत खड्डाच फ्रेमबाहेर गेला! (ही युक्ती आमच्या मुंबई-गोवा हायवेवर कुणी चालवली तर बघा.)

माझ्या हातूनही झालंय. एका जत्रेतल्या दशावताराची कॅसेट होती, संकासुर नाचतोय नि कोपऱ्यातून सारखा एक हात येऊन टांगलेला माइक सारखा करून जातो. मला वाटलं घाण दिसतंय, झूम करून कोपराच उडवला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दुकानात हजर, "तो हात माझ्या बापाशीचो, कापलंस कित्याक रे?" नशीब मूळ फाइल ठेवली होती, परत करून दिली, पैसे मागायचं तोंड नव्हतं.

तेव्हापासून मी दोन फाइली देतो, एक जशीच्या तशी नि एक साफ केलेली. मोठ्या कंपन्यांना हे जमत नाही असं नाही, डिस्ने प्लसनं लोक ओरडल्यावर 2020 मध्ये अशाच कापून दाखवलेल्या 'सिम्पसन्स' या कार्टून मालिकेला मूळ 4:3 चा पर्याय दिलाच ना? फक्त आधी ओरडावं लागतं.