वाचकांचे प्रश्न : स्मार्ट ट्रेनर कोणता घ्यावा?

प्रश्न : मी 46 वर्षांचा असून नाशिकला इंदिरानगर भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. आपल्या शहरातील महाजन बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून मी नियमित सायकल चालवू लागलो. जून ते सप्टेंबर या काळात त्र्यंबक रस्त्यावरचा सराव पावसामुळे तुटतो आणि दर वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागते. या हिवाळ्यात 300 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, करण्याचा विचार आहे. माझ्याकडे मागे आठ गियरची कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा संच) आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असलेली हायब्रिड सायकल आहे. घरात एका जागी सायकल चालवण्यासाठी, ॲपनुसार पॅडल हलके-जड करणारा स्मार्ट ट्रेनर घ्यायचा आहे. तो टायरला टेकणारा घ्यावा की मागचे चाक काढून सायकल बसवतात तो? एका विक्रेत्याने 20 टक्के चढाचा आभास देणारा, 2200 वॉट क्षमतेचा ट्रेनर सुचवला आहे. तो योग्य ठरेल का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : विक्रेत्याने सांगितलेल्या दोन आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक ग्राहक त्याच आकड्यांवर निर्णय घेतात आणि नको तेथे जास्त पैसे खर्च करतात. सायकलस्वाराचे वजन 75 किलो आणि सायकलचे 10 किलो धरले, तर 8 टक्क्यांचा चढ ताशी 10 किलोमीटर वेगाने चढण्यासाठी साधारण 200 वॉट शक्ती लागते. चढ 16 टक्के झाला आणि वेग तोच ठेवायचा म्हटले, तर ती 400 वॉटच्या जवळ जाते आणि हौशी सायकलस्वाराला ती काही मिनिटांपलीकडे टिकवता येत नाही. 2200 वॉटची क्षमता ट्रॅकवर वेगाची शर्यत मारणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. शिवाय पडद्यावरच्या आभासी रस्त्यांवर सायकल चालवण्याच्या झ्विफ्टसारख्या ॲपमध्ये चढाची तीव्रता मुळातच निम्म्यावर ठेवलेली असते, म्हणजे पडद्यावरचा 10 टक्क्यांचा चढ पायांना 5 टक्क्यांसारखा जाणवतो. शक्ती मात्र तेवढीच लागते, फरक फक्त गियरमध्ये पडतो. ब्रेव्हेसाठी 10 ते 16 टक्के चढाचा आभास देणारा ट्रेनर पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजमापाच्या अचूकतेकडे मात्र लक्ष द्यावे. टायरला टेकणाऱ्या ट्रेनरमध्ये 3 ते 5 टक्क्यांचा फरक मान्य केलेला असतो, तर चाक काढून बसवायच्या, म्हणजेच डायरेक्ट ड्राइव्ह, प्रकारातील मध्यम दर्जाच्या ट्रेनरमध्ये तो 2 टक्क्यांच्या आसपास असतो. 200 वॉटवर 5 टक्के म्हणजे 190 ते 210 आणि 2 टक्के म्हणजे 196 ते 204. त्याहून महत्त्वाची गोष्ट सातत्याची आहे. टायरवरच्या ट्रेनरमध्ये टायरमधील हवा, रोलरचा दाब आणि घर्षणाने तापलेले रबर यांवर आकडा अवलंबून राहतो. म्हणून दर वेळी हवा सारखीच भरून, दहा मिनिटे सायकल चालवून टायर तापल्यानंतर ट्रेनरचे कॅलिब्रेशन (मोजमाप पुन्हा जुळवून घेणे) करावे लागते. ते टाळले, तर मागच्या आठवड्यातील 180 वॉट आणि आजचे 180 वॉट यांची तुलना करता येत नाही. पावसाळाभर ठरावीक शक्तीवर सराव करण्याचा आपला हेतू पाहता, मी आपल्याला चाक काढून बसवायचाच ट्रेनर सुचवीन.

आता सायकलशी जुळणी पाहावी. खरेदीतील बहुतेक अडचणी येथेच उद्भवतात. आपली कॅसेट आठ गियरची असल्यामुळे ट्रेनरवर तशीच आठ गियरची कॅसेट बसवून घ्यावी. ट्रेनरचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो भाग, अकरा गियरच्या रुंदीचा असेल, तर त्या कॅसेटमागे 1.85 मिलिमीटरची कडी लागते, अन्यथा कॅसेट घट्ट बसत नाही. काही ट्रेनर कॅसेटसह येतात, काहींसोबत ती वेगळी घ्यावी लागते. किमतींची तुलना करताना हा खर्च धरावा. मागचा ॲक्सल (चाकाचा आस) क्विक रिलीजचा, म्हणजे खटक्याने सुटणारा, आहे की थ्रू ॲक्सल, म्हणजे फ्रेममधून आरपार जाऊन आवळला जाणारा, आणि मागचे चाक बसते तेथे फ्रेमच्या दोन टोकांमधील अंतर 130, 135, 142 की 148 मिलिमीटर आहे, हे मोजून दुकानात जावे आणि शक्य असल्यास सायकल सोबत न्यावी. चाक काढलेले असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबला जाऊ नये, म्हणून ब्रेक पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा बसवावा.

सदनिकेतील आवाजाविषयी आपण विचारले नसले तरी ते सांगणे गरजेचे वाटते. या प्रकारच्या चांगल्या ट्रेनरचा स्वतःचा आवाज चेनच्या आवाजापेक्षा फारसा अधिक नसतो. खालच्या मजल्यावर पोहोचते ती लादीतून जाणारी थरथर. जाड रबरी मॅट घालावी आणि ट्रेनर शक्यतो भिंतीच्या कडेला, तुळईच्या जवळ ठेवावा. पहाटेच्या सरावाआधी खालच्या शेजाऱ्यांशी एकदा बोलून घ्यावे. ट्रेनरसोबत मोठा पंखा घ्यावाच. रस्त्यावर वारा शरीर थंड ठेवतो, खोलीत तो नसतो, आणि पावसाळ्यातील दमट हवेत घाम वाळत नाही. अशा वेळी शक्ती तीच असूनही हृदयाचे ठोके वाढत जातात आणि सराव अर्धवट सोडावा लागतो. महागडा ट्रेनर व छताचा पंखा यांपेक्षा मध्यम ट्रेनर व समोर ठेवलेला जोरकस पंखा ही जोडी मी केव्हाही पसंत करीन.

पावसाळ्यात वीज जाण्याचा विचारही करावा. बहुतेक स्मार्ट ट्रेनर वीज गेल्यावर रोध नियंत्रित करू शकत नाहीत. टॅक्स निओ 2टीसारखे काही ट्रेनर विजेशिवायही चालतात, पण ते वरच्या किमतीचे आहेत. आपल्या भागात वीज क्वचितच जात असेल, तर केवळ यासाठी तेवढे पैसे मोजू नयेत. ब्लूटूथ आणि ॲन्ट प्लस या बिनतारी जोडणीच्या दोन्ही प्रकारांची सोय मात्र असावी, म्हणजे फोन, संगणक किंवा सायकलवरचा छोटा कॉम्प्युटर, काहीही जोडता येते. झ्विफ्टसारखेच मायव्हूश हे ॲप विनामूल्य आहे. सुरुवात त्याने करावी आणि मासिक शुल्काच्या ॲपचा विचार नंतर करावा.

300 किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी 20 तासांची मर्यादा असते, त्यामुळे आपल्याला हवी आहे ती मध्यम शक्ती दीर्घकाळ टिकवण्याची सवय. एर्ग मोड या ट्रेनरच्या ठरावीक शक्तीच्या पद्धतीत ॲप वॉट ठरवते आणि पाय मंद झाले तरी ट्रेनर तेवढीच शक्ती मागतो, म्हणजे पॅडल आणखी जड होते. थकवा आला की वेग पडू देण्याऐवजी काही सेकंद थांबून, मोकळ्या पायांनी पुन्हा सुरू करावे. ट्रेनरवर उतार नसतो, पाय सतत फिरत राहतात आणि बैठक हलत नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी पॅडलवर उभे राहावे. सीटवर दहा-बारा तास बसण्याची सवय ट्रेनर लावू शकत नाही. पाऊस उघडेल त्या रविवारी रस्त्यावर जावेच.

प्रश्न : माझ्या कार्बन फ्रेमच्या सायकलला ट्रेनरमुळे इजा होईल का? वापरलेला ट्रेनर स्वस्तात मिळत आहे, तो घ्यावा का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : आपल्या फ्रेमच्या कंपनीने ट्रेनरवर वापरास परवानगी दिली आहे का, हे वॉरंटीच्या कागदात पाहावे; काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. परवानगी असली, तरी ॲक्सल योग्य ताणाने आवळावा आणि उभे राहून सायकल दोन्ही बाजूंना जोरात झुकवणे टाळावे. फ्रेमपेक्षा घामाची चिंता अधिक करावी, कारण हँडल आणि हेडसेटवर (हँडलखालच्या बेअरिंगच्या जोडावर) ठिबकणाऱ्या खारट घामाने बोल्ट व बेअरिंग गंजतात. हँडलवर टॉवेल टाकावा आणि सराव संपताच सायकल ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी.

वापरलेला ट्रेनर दुकानदाराच्या शब्दावर न घेता स्वतःची सायकल लावून अर्धा तास चालवून पाहावा. पॅडल थांबवल्यावर घरघर किंवा खडखड ऐकू आली, तर बेअरिंग किंवा बेल्ट झिजलेला असण्याची शक्यता असते. मूळ अडॅप्टर सोबत आहे का, ॲपमधून फर्मवेअर (ट्रेनरमधील सॉफ्टवेअर) अद्ययावत होते का आणि कॅलिब्रेशन व्यवस्थित पूर्ण होते का, हे तेथेच तपासावे. परदेशातून आणलेल्या ट्रेनरची वॉरंटी येथे चालेलच असे नाही, आणि 15 ते 20 किलोंची वस्तू दुरुस्तीसाठी परत पाठवण्याचा खर्च मोठा असतो.