लातूरला आमच्या ले-आउटच्या ओपन स्पेसवर लॉन आणि कारंजं करायचं चाललंय. त्यासाठी लँडस्केप आर्किटेक्ट लागतोच का?

लागतो, पण शोभेच्या झाडांची यादी काढायला नव्हे. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठं साचतं आणि दुपारी चारला सावली कुठं पडते, हे त्याच्याकडून कागदावर मांडून घ्या.

लॉन-कारंजं मात्र डोक्यातून काढाच. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथं मे महिन्यात हिरवळीसाठी टँकर कोण मागवणार?

खरा प्रश्न काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगा पिऊन घेतात, मग माती फुगते आणि पाणी वरच तुंबतं. पेव्हर ब्लॉक वरखाली होतात तेही याच फुगण्या-आकसण्यामुळे. म्हणून बसायची आणि चालायची जागा मुरूम टाकून उंच घ्या. सखल कोपऱ्यात उथळ खोलगट भाग ठेवा. पश्चिमेला कडुनिंब, करंज, बहावा लावा. पहिली दोन-तीन वर्षं पाणी घातलं की पुढं ती आपली आपण तगतात.

आणखी एक. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटला १० टक्के मोकळी जागा नियमानेच सोडावी लागते. आपल्याकडं तिथं आधी पत्र्याचं शेड येतं, मग सभागृह (उद्घाटनाला फ्लेक्स असतोच). तेव्हा मंजूर नकाशाची प्रत आधी काढून घ्या, झाडं नंतर.