व्हिडिओ अटकतो, पण नेमका कसा?

‘व्हिडिओ अटकत चालतो’ एवढंच लिहिलेली पत्रं बरीच येतात. अटकण्याचे प्रकार वेगळे असतात आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा असतो. दर वेळी त्याच जागी अटकतो की कुठेही? आवाजही तुटतो की फक्त चित्र? पहिल्या मिनिटापासून की वीस मिनिटांनी? एवढं पाहून लिहिलंत तर उत्तर नेमकं देता येतं. खालच्या वाचकांनी तसं लिहिलं आहे.

प्रश्न (अमळनेर): मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये मिळाला. मोबाइलवर छान चालतो, पण घरच्या कॉम्प्युटरवर आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहतं. इंटेल आय-३ चौथी पिढी, रॅम ४ जीबी, विंडोज १०. दुकानदार म्हणतो, रॅम ८ जीबी करा. करू का?

उत्तर: या कारणासाठी रॅमवर पैसे घालू नका. आधी फाइल पेनड्राइव्हवरून हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि तिथून चालवा. हलक्या पेनड्राइव्हचा वाचण्याचा वेग मध्येच पडतो. कॉपी केल्यावर अटकणं थांबलं, तर दोष पेनड्राइव्हचा.

थांबलं नाही, तर व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) आणि रिझोल्यूशन दिसतं. तिथे बहुतेक एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, आणि ३८४० बाय २१६०, म्हणजे ४के, असं असेल. आता कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू ९५ ते १०० टक्क्यांवर आणि डिस्कचा टक्का अगदी कमी दिसला, तर निदान झालंच.

असं का होतं? व्हिडिओची फाइल म्हणजे प्रेसमध्ये दाबलेली कापसाची गाठ. २००३ मध्ये आलेली एच.२६४ ही पद्धत साधी गाठ बांधते. २०१३ची एच.२६५ त्याहून घट्ट बांधते, म्हणून फाइल लहान होते, पण सोडवायला मेहनत जास्त लागते. त्यात ४केच्या एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात, १०८०पीच्या चौपट. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे एका चित्राला ४० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात चित्र सोडवून झालं नाही की प्लेअर ते टाकून पुढे जातो. मोबाइलमध्ये या कामासाठी वेगळा भाग असतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एच.२६५ साठी पूर्ण सोय सहाव्या पिढीपासून आहे, १०-बिट (जास्त रंगछटांच्या) एच.२६५ साठी सातव्या पिढीपासून. तुमच्या चौथ्या पिढीत सगळा भार मुख्यतः सीपीयूवर येतो. तो रॅम वाढवून हलका होत नाही. एसएसडीनेही होत नाही, कारण ५० मेगाबिटचा व्हिडिओ सेकंदाला जेमतेम ६ एमबी वाचतो आणि जुनी हार्ड डिस्कही त्याच्या कितीतरी पट देते.

सगळ्यात चांगला उपाय असा की व्हिडिओवाल्यालाच सांगा, ‘एच.२६४, १०८०पीमध्ये एक्स्पोर्ट करून द्या.’ त्याच्याकडे मूळ काम असतं, त्यामुळे चित्राचा दर्जाही नीट राहतो. ते जमत नसेल तर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट, म्हणजे तयार मांडणी, निवडा, पण व्हिडिओच्या रकान्यात फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) ‘सेम अ‍ॅज सोर्स’ करा. हे विसरू नका. मूळ व्हिडिओ सेकंदाला ५० चित्रांचा असेल, तर हा प्रीसेट ती ३० वर आणतो आणि मग नवी फाइल नव्या झटक्यांसह येते. तुमच्या मशीनवर दोन-तीन तासांच्या व्हिडिओला रात्रभर लागेल. मूळ फाइल पुसू नका. नवा कॉम्प्युटर आल्यावर तीच उपयोगी पडेल.

प्रश्न (भुसावळ तालुका): घर जिनिंगजवळ आहे. सकाळी सगळे व्हिडिओ नीट चालतात. दुपारी पंधरा-वीस मिनिटांनी चित्र आणि आवाज दोन्ही तुटतात, पंखा मोठ्याने वाजतो. कोणी व्होल्टेजचं कारण सांगतं.

उत्तर: व्होल्टेज फार पडलं तर कॉम्प्युटर बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो, व्हिडिओ असा अडखळत नाही. त्यामुळे स्टॅबिलायझर आणण्याआधी कॅबिनेट उघडा. तुमचा प्रोसेसर तापतो आहे. १०० अंशांच्या आसपास पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि तिथून व्हिडिओ कोलमडतो.

कोअर टेम्प हे प्रोसेसरचं तापमान दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर टाकून व्हिडिओ चालू असताना आकडा पाहा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि खोलीत ४० असताना ७०-७५ चालतील. ९० च्या वर गेला की साफसफाई हवीच. स्विच बंद करून वायर काढा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, तोच हीटसिंक. जिनिंगच्या भागात त्यांच्यामध्ये कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर बसतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, पण खाली हवा जातच नाही. म्हणून पंखा सोडवून खालचा थर ब्रशने ओढून काढा, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. भन्नाट फिरू दिलं तर बेअरिंग खराब होतं.

एवढ्याने आकडा उतरला नाही, तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट वाळली आहे. हीटसिंक काढा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवा. पसरवायची गरज नाही, हीटसिंकच्या दाबाने ती पसरते. जास्त घातली तर बाजूला सांडते. हीटसिंक बसवताना चारही खिट्ट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा. एक जरी अर्धवट राहिली, तर तापमान पहिल्यापेक्षा वाढतं.

आणखी एक, कॅबिनेट वाळ्याच्या कूलरच्या झोतात ठेवू नका. हवा गार लागते, पण तिच्यातल्या ओलाव्याने धूळ चिकटून बसते.

प्रश्न (शहादा): युट्यूबच अटकतं. नेट हळू आहे की कॉम्प्युटर, कसं ओळखायचं? घर जुनं धाब्याचं आहे, राउटर पुढच्या ओसरीत.

उत्तर: चालू व्हिडिओवर उजवं क्लिक करा आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा. ‘बफर हेल्थ’चे (आधीच उतरवून ठेवलेल्या व्हिडिओचे) सेकंद शून्याकडे जात असतील आणि गोल चकती फिरत असेल, तर दोष नेटचा. बफर भरलेला असून ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा (टाकून दिलेल्या चित्रांचा) आकडा वाढत असेल, तर दोष कॉम्प्युटरचा.

नेटचा असेल तर धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती हे मोठं कारण. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असलं तरी अशा भिंतीत विरतं. २.४ भिंत जास्त पार करतं, पण शेजारच्या राउटरांची गर्दीही तिथेच असते. सरळ लॅन केबल ओढा. कॅट ६ची केबल १०० मीटरपर्यंत चालते.

दोष कॉम्प्युटरचा असेल तर त्याच चौकटीत कोडेक पाहा. एव्ही०१ किंवा व्हीपी०९ (हेही एच.२६५सारखे घट्ट बांधणारे कोडेक) दिसलं आणि मशीन जुनं असेल, तर ब्राउझरमध्ये ‘एच२६४ईफाय’ हे एक्स्टेन्शन टाका. मग युट्यूब एव्हीसी१ पाठवतं, म्हणजे एच.२६४, जे जुनी मशीनं सहज सोडवतात. मात्र त्यात १०८०पीच्या वर जाता येत नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे ना, तेही बघा. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ असं नाव दिसत असेल, तर फॉरमॅटनंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहिला आहे. सगळं सोडून आधी तो टाका.

प्रश्न (धुळे): नवा कॉम्प्युटर, सीपीयू १५ टक्के. तरी ड्रोनचं दृश्य आडवं सरकताना बारीक झटके बसतात.

उत्तर: कॉम्प्युटर ठीक आहे. व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रांचा आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणारा, भागाकार २.४ येतो. म्हणून एक चित्र दोनदा तर दुसरं तीनदा दिसतं, आणि सरकत्या दृश्यात ते डोळ्यांना खुपतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन ५० हर्ट्झ निवडा. ते नसेल तर ७५ चालेल, प्रत्येक चित्र बरोबर तीनदा येतं.

प्रश्न (चोपडा): हार्ड डिस्कवरचे जुने व्हिडिओ ठरावीक जागीच थांबतात, आतून टकटक आवाज येतो.

उत्तर: व्हिडिओ चालवून पाहणं आत्ताच थांबवा. डिस्कवरचे काही भाग वाचता येत नाहीत आणि डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचू पाहते. डीफ्रॅग किंवा चेक डिस्क करू नका, त्याने डिस्कवर ताण वाढतो. दुसरी डिस्क आणा आणि ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही ते घरचे फोटो-व्हिडिओ आधी कॉपी करा. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढच्या घ्या, अडलेल्या शेवटी. नंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहा. पिवळं ‘कॉशन’ दिसलं, तर त्या डिस्कवर पुन्हा काही ठेवू नका.